छत वाचायचं कसं? बरोक राजवाड्यांतली रूपकचित्रं पाहण्याची रीत

युरोपच्या सहलीत पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा असतोच. गट आरसेमहालात शिरतो, आरशांचे आणि झुंबरांचे फोटो निघतात आणि थोड्याच वेळात मंडळी बागेकडे वळतात. मधे एकदा मान वर होते. ढग, पंख, उघडी अंगं, उधळलेले घोडे दिसतात, ‘केवढं काम केलंय!’ असं म्हणून मान खाली येते. याची हळहळ वाटते, कारण राजाला जे सांगायचं होतं ते त्याने त्या दालनाच्या छतावर मांडलं होतं. बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपातली भपकेदार कलाशैली, आणि त्या काळातल्या युरोपीय राजांसाठी छत हा जाहीरनामाच होता. मी कोण, माझा अधिकार कुठून आला, माझ्या वाटेत आलेल्यांचं काय झालं, हे सगळं तिथे रूपकांच्या भाषेत, म्हणजे गुण, अवगुण, देश यांना माणसांचं रूप देऊन, लिहिलेलं असे. ही भाषा शिकता येते. त्यासाठी कलेच्या इतिहासाची पदवी लागत नाही, पाहण्याचा क्रम मात्र ठाऊक असावा लागतो. तो क्रम इथे सांगतो.

जाण्याआधीची तयारी

छोटी दुर्बीण जवळ ठेवा. आठपट मोठं दाखवणारी पुरते. त्याहून ताकदवान घेतली तर हात हलतो आणि चित्र स्थिर राहत नाही. मान अवघडते ही खरी अडचण आहे, त्यावर साधा उपाय म्हणजे मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून फोन तळहातावर आडवा धरायचा. छत आरशात दिसावं तसं खाली दिसतं आणि आरामात पाहता येतं. लंडनजवळच्या ग्रिनिचच्या रंगवलेल्या सभागृहात (पेंटेड हॉल) तर छत पाहण्यासाठी आरसे आणि पाठ टेकून पडायला बाकं ठेवलेली असतात.

दुसरी तयारी घरी करायची. मोठं छत रंगवण्याआधी चित्रकार लहान तैलरेखाटन करून मालकाला दाखवत असे. त्यांतली बरीच आज संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहता येतात. व्हेनिसचा चित्रकार तिएपोलो याने जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या राजवाड्यातल्या जिन्यासाठी केलेलं १७५२चं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि माद्रिदच्या राजवाड्यातल्या सिंहासन-दालनासाठीचं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. अर्धा तास रेखाटनावर घालवला, तर प्रत्यक्ष छताखाली गोंधळायला होत नाही.

पहिलं काम: पाय कुठे ठेवायचे ते ठरवा

दालनात शिरल्याबरोबर वर पाहू नका. आधी दार कुठे आहे आणि सिंहासन कुठे होतं ते शोधा. बहुतेक दरबारी छतं या दोन जागांमधल्या चालीसाठी रचलेली असतात.

लंडनच्या व्हाइटहॉलमधलं बँक्वेटिंग हाउस याचं उत्तम उदाहरण आहे. इमारत वास्तुकार इनिगो जोन्सची, १६२२मध्ये पुरी झालेली. छतावरची नऊ चित्रं फ्लेमिश चित्रकार रुबेन्सची. ती त्याने अँटवर्पमध्ये बसून कापडावर तैलरंगात केली, मग गुंडाळून समुद्रमार्गे लंडनला पाठवली, आणि १६३६मध्ये ती छताच्या सोनेरी चौकटींत बसली. मागणी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याची होती आणि विषय त्याचे वडील, पहिला जेम्स. सिंहासनाच्या बाजूच्या चित्रात जेम्स पिळदार खांबांच्या मधोमध बसलेला आहे. शांती आणि समृद्धी एकमेकींना बिलगल्या आहेत आणि शहाणपणाची देवी मिनर्व्हा युद्धाला खाली ढकलते आहे. आता दारापासून चालत येणाऱ्या परदेशी राजदूताची कल्पना करा. समोर खाली जिवंत राजा बसलेला आणि त्याच्या डोक्यावर स्वर्गातला बाप. दोघं एकाच नजरेत यावेत, म्हणून ते चित्र तिथे आहे. दालनाच्या मधोमध उभं राहून कुणी गरागरा फिरलं तर यातलं काही हाती लागत नाही.

म्हणून नियम असा की आधी दारात उभं राहा, मग सिंहासनाच्या जागेकडे सावकाश चाला, तिथे वळा आणि राजाच्या नजरेने उलट पाहा. आकृत्या तुम्हाला सरळ, पाय खाली आणि डोकी वर अशा दिसत असतील, तर तो भाग तुम्ही उभे आहात त्या जागेसाठी आहे. डोकी उलटी दिसत असतील, तर तुमची जागा चुकली आहे.

दुसरं काम: खरं कुठे संपतं ते शोधा

भिंत आणि छत जुळतात तिथली कड बारकाईने पाहा. छतं ढोबळपणे तीन प्रकारची असतात. पहिल्यात छतावर चौकटी ठोकून त्यांत भिंतीवरच्यासारखी चित्रं बसवलेली असतात, व्हाइटहॉलसारखी. दुसऱ्यात चित्रकार खांब, कमानी आणि कठडे रंगवून इमारतच वर वाढवतो. याला इटालियन मंडळी क्वाद्रातुरा म्हणतात. तिसऱ्यात छत नाहीसं होतं आणि थेट आकाश उघडतं. पुष्कळ ठिकाणी तिन्हींची सरमिसळ असते.

कड शोधायची ती यासाठी, की बरोक कारागिरांचं कसब तिथेच पणाला लागलेलं असतं. व्युर्त्सबुर्गच्या सम्राट-दालनात चित्रावरचा पडदा बाजूला सारलेला दिसतो. तो पडदा रंगवलेला नाही, आंतोनियो बोस्सी या गिलाव्याच्या कारागिराने चुन्या-जिप्समच्या लगद्यातून घडवून त्यावर सोनं चढवलं आहे. घडवलेलं कुठे थांबतं आणि रंगवलेलं कुठे सुरू होतं, ते दुर्बिणीशिवाय कळत नाही. दोन पावलं डावीकडे-उजवीकडे सरका. घडवलेल्या वस्तूची कड सरकते, रंगवलेल्या वस्तूची सरकत नाही.

तिसरं काम: कडेपासून मध्याकडे

नजर आपसूक मध्याकडे जाते, कारण तिथे उजेड असतो. पण मध्यावर बहुधा निष्कर्ष असतो आणि युक्तिवाद कडेला मांडलेला असतो. कडेच्या आकृत्या मोठ्या, गडद, जमिनीवर पाय रोवलेल्या असतात. वर जावं तसे रंग फिके आणि माणसं लहान होत जातात. तेव्हा कडेपासून सुरू करायचं. हे व्युर्त्सबुर्गच्या जिन्यावर जितकं नीट समजतं तितकं आणखी कुठे समजत नाही, म्हणून तिथे जरा रेंगाळू या.

व्युर्त्सबुर्ग हे दक्षिण जर्मनीतलं शहर. तिथला राज्यकर्ता बिशपच असे आणि तो सार्वभौम राजासारखाच नांदत असे. कार्ल फिलिप फोन ग्राइफेनक्लाउ या बिशपने व्हेनिसहून तिएपोलोला बोलावलं आणि १७५०च्या डिसेंबरात तो दोन मुलांसह दाखल झाला. सम्राट-दालन झाल्यावर १७५२-५३मध्ये त्याने जिन्यावरचं छत रंगवलं. बाल्थाझार नॉयमानने बांधलेली ही कमान साधारण ३० मीटर लांब आणि १८-१९ मीटर रुंद, मधे एकही खांब नाही. दुसऱ्या महायुद्धात, १६ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात, राजवाड्याची छपरं जळाली, वरून जळते वासे कोसळले, तरी ही कमान उभी राहिली. नंतर जॉन स्किल्टन या अमेरिकी अधिकाऱ्याने खटपट करून वर तात्पुरतं छप्पर घालून घेतलं, नाहीतर पावसाने चित्र गेलं असतं.

पाहुण्याची घोडागाडी थेट खालच्या ठेंगण्या, अंधाऱ्या दालनात येत असे. तिथून जिना सरळ वर जातो, मधल्या टप्प्यावर थांबतो, आणि तिथून दोन बाजूंनी उलट दिशेला वळून वर पोचतो. पहिल्या पायऱ्यांवर संपूर्ण छत दिसतच नाही. समोर फक्त अमेरिका येते: पिसांचा मुकुट घातलेली, मगरीवर बसलेली स्त्री आणि खाली छाटलेली मुंडकी. आणखी चढलं की मध्यावर सूर्यदेव अपोलो उजळत येतो. बाजूच्या लांब कडांवर एकीकडे हत्तीवर बसलेली आशिया आणि दुसरीकडे उंटावरची आफ्रिका. टप्प्यावर वळलात की समोर युरोप. ती कुठल्याच जनावरावर स्वार नाही. सिंहासनावर बसली आहे, शेजारी बैल आणि भोवती गाणारे-वाजवणारे, चित्रकला, शिल्पकला. आणि तिच्या बरोबर वर आकाशात, लंबगोल चौकटीत बिशप ग्राइफेनक्लाउचं चित्र तरंगतंय.

चढण्याचा क्रम हाच युक्तिवादाचा क्रम आहे. ‘रानटी’ टोकापासून निघायचं, व्यापार आणि वैभवाच्या खंडांना बगल देत वर यायचं आणि वळताच सुसंस्कृत युरोप व त्याच्या माथ्यावर या वाड्याचा मालक. पाहुणा पायऱ्या चढता चढता हे स्वीकारत जातो. आपण भारतीय वाचक आशियाच्या कडेशी जास्त वेळ थांबलो तर त्यात काही वावगं नाही. तिथे हत्ती आहे, तशी साखळदंडांत जखडलेली माणसंही आहेत. तिएपोलोचा हात इतका मोकळा आहे की त्या कडेवरचे कापडाचे घोळ आणि वळलेल्या पाठी पाहताना मन भरून येतं. पण त्या कडेला जी जागा नेमून दिलेली आहे, तीही त्याच वेळी पाहायला हवी. दोन्ही एकत्र पाहता आलं तर छत वाचता आलं असं समजा.

चौथं काम: आयुधांवरून माणूस ओळखा

इथे मराठी वाचकाची निम्मी तयारी आधीच झालेली असते. देवळाच्या भिंतीवरची मूर्ती चेहऱ्यावरून कुणी ओळखत नाही. हातात काय आणि वाहन कोणतं यावरून ओळखतो. बरोक छताचं तसंच आहे. चेहरे एकसारखे गोरेगोमटे, खूण हातात.

चित्रकारांनाही या खुणा पुस्तकातून मिळत. चेझारे रिपाचं ‘इकोनोलोजिया’ १५९३मध्ये रोमला छापलं गेलं आणि १६०३च्या आवृत्तीत चित्रं आली. एकेका गुणाला, अवगुणाला, भावनेला कोणते कपडे, कोणती वस्तू, कोणतं जनावर द्यायचं याची ती सूचीच होती.

पाठच कराव्यात अशा खुणा थोड्याच आहेत. शिरस्त्राण, भाला आणि सर्पकेशी मुंडकं असलेली ढाल म्हणजे मिनर्व्हा, शहाणपण. सिंहाचं कातडं आणि सोटा म्हणजे हर्क्युलिस, आणि जवळजवळ नेहमी त्याच्या आडून राजाच उभा असतो. पंखांची टोपी आणि साप गुंडाळलेला दंड घेतलेला मर्क्युरी व्यापाराचा, निरोपाचा. विळा किंवा कोयता घेतलेला पंखवाला म्हातारा म्हणजे काळ. कर्णा फुंकणारी कीर्ती. तराजूची न्यायदेवता सगळ्यांना ठाऊक असते, पण आरसा आणि साप धरलेली दूरदृष्टी बऱ्याचदा निसटते. खांबाला टेकलेली म्हणजे धैर्य, लगाम धरलेली म्हणजे संयम, फळांनी ओसंडणारं शिंग म्हणजे समृद्धी. ऑलिव्हची डहाळी असलेली शांती कधी मशाल उलटी धरून शस्त्रांचा ढीग पेटवत असते. केसांत साप असलेली, सुकलेली बाई दिसली की मत्सर समजा आणि ती नक्की खाली ढकलली जात असेल.

वस्तू दिसत नसेल तर घाईने नाव देऊ नका. शेजारच्या आकृतीपासून सुरुवात करा. ही माणसं सहसा जोडीने येतात. व्हाइटहॉलच्या चार लंबगोलांत तर सरळ झुंजी लावल्या आहेत, एक गुण वर आणि एक अवगुण पायाखाली.

पाचवं काम: खाली कोण पडतंय?

छतावर कोण चढतंय हे कुणालाही कळतं. खरी बातमी पडणाऱ्याकडे असते. बहुतेक छतांत कुणीतरी चिरडलेलं, कोसळणारं, साखळीत अडकलेलं सापडतं आणि तेच सांगतं की हे चित्र नेमकं कुणाला उद्देशून होतं.

व्हर्सायचा आरसेमहाल घ्या. लांबी ७३ मीटर. चित्रकार शार्ल ल ब्रंने आधी अपोलोचा आणि मग हर्क्युलिसचा आराखडा केला होता. १६७८मध्ये राजमंडळाने तो बाजूला ठेवला आणि ठरलं की फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचीच कृत्यं रंगवायची. त्यामुळे इथे राजा कुठल्या देवाच्या आडोशाला नाही, रोमन चिलखत घालून आणि आपला केसांचा टोप मिरवत स्वतः उभा आहे. छत १६८४मध्ये पुरं झालं. मध्यभागी ‘राजा स्वतः राज्य करतो’ हे १६६१चं दृश्य, आणि त्याच्या समोर शेजारी राष्ट्रांचा तोरा: जर्मनी गरुडासह, स्पेन सिंहासह, हॉलंडही तिथेच. १६७२च्या ऱ्हाईन ओलांडण्याच्या चित्रात लुई रथातून वज्र घेऊन येतोय आणि नदीचा देव घाबरून गेलाय.

आता ग्रिनिचला या. नौदलाच्या वृद्ध खलाशांसाठी बांधलेल्या इमारतीत चित्रकार जेम्स थॉर्नहिलने १७०७ ते १७२६ अशी एकोणीस वर्षं काम केलं. मोबदला छताच्या दर चौरस यार्डाला तीन पौंड आणि भिंतींच्या दर चौरस यार्डाला एक. मध्यावर इंग्लंडचे राजा-राणी, तिसरा विल्यम आणि मेरी. विल्यम गुडघे टेकलेल्या युरोपला स्वातंत्र्याची लाल टोपी देतोय आणि त्याच्या पायाखाली, पिवळ्या वस्त्रात, मोडकी तलवार हातात घेऊन जुलूमशाही पडली आहे. तिचा चेहरा पाहा. तो चौदावा लुई आहे. व्हर्सायच्या छतावर वज्र फेकणारा माणूस समुद्र ओलांडताच पायाखाली आला. ही दोन छतं एकाच सहलीत पाहता आली तर जरूर पाहा, आणि याच क्रमाने.

सहावं काम: खरे चेहरे

देवदेवतांच्या गर्दीत अधूनमधून एखादा चेहरा फार जिवंत वाटतो. नाक जरा वाकडं, डोळ्याखाली पिशव्या. तिथे थांबा, तो बहुधा खरा माणूस असतो. व्युर्त्सबुर्गला युरोपच्या खाली, तोफेवर रेलून बसलेला गणवेशातला इसम म्हणजे नॉयमान, या कमानीचा बांधकर्ता. तो तोफखान्याचा कर्नलही होता, म्हणून तोफ. त्याच्या शेजारी एक कुत्रा आहे. आपण बांधलेल्या छताकडे तो निवांत पाहतोय आणि चित्र पुरं झालं त्याच वर्षी, १७५३मध्ये, तो वारला. त्याच बाजूच्या कोपऱ्यात तिएपोलो स्वतः आहे आणि शेजारी त्याचा मुलगा ज्यांदोमेनिको. ग्रिनिचला ‘हिवाळा’ म्हणून जो दाढीवाला म्हातारा रंगवला आहे, तो तिथेच राहणारा जॉन वॉर्ली नावाचा खलाशी. छताच्या एका टोकाला ज्योतिर्विद फ्लॅमस्टीडच्या हातातल्या कागदावर २२ एप्रिल १७१५च्या सूर्यग्रहणाची नोंद आहे. दुर्बीण असेल तर शोधा.

सातवं काम: रंग कसा लावलाय

हे थोडक्यात. फ्रेस्को म्हणजे चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग. गिलावा सुकताना चुना हवेतला कर्बवायू शोषून दगडासारखा होतो आणि रंग त्यातच अडकतो. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. तिरप्या उजेडात या तुकड्यांचे सांधे दिसतात. ते बहुतेक आकृत्यांच्या बाह्यरेषेवरून जातात. थंडीत हे काम चालत नाही, म्हणून व्युर्त्सबुर्गला तिएपोलो हिवाळ्यात परांचीवरून उतरून कापडावरची चित्रं करत असे. फ्रेस्कोचा रंग खडूसारखा कोरडा आणि उजळ, तैलरंगाचा गडद आणि चकाकणारा. चकाकी आली की जागा बदलत पाहावं लागतं. मेणबत्त्या-मशालींच्या धुराचं भय इतकं होतं, की रुबेन्सची चित्रं बसल्यावर व्हाइटहॉलच्या त्या दालनात मशालींच्या उजेडातले दरबारी नाट्यप्रयोग बंद झाले.

शेवटचं काम: तारखेशी ताडून पाहा

छत जे सांगतं ते झाल्यावर त्या छताखाली पुढे काय घडलं ते पाहायचं. ३० जानेवारी १६४९ला पहिला चार्ल्स वडिलांच्या त्याच चित्रांखालून चालत गेला आणि बाहेर उभारलेल्या मंचावर त्याचा शिरच्छेद झाला. आरसेमहालात, जर्मनीवरच्या विजयांच्या चित्रांखाली, १८ जानेवारी १८७१ला जर्मन साम्राज्याची घोषणा झाली आणि २८ जून १९१९ला जर्मनीला तिथेच पहिल्या महायुद्धानंतरच्या तहावर सही करावी लागली.

आपल्यासाठी सराव म्हणून एक छतचित्र सुचवतो. ते राजवाड्यातलं नाही, पण भाषा तीच. स्पिरिडिओने रोमाने १७७८मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया हाउससाठी रंगवलेलं हे लंबगोल चित्र आज ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इमारतीत आहे आणि त्याच्या प्रतिमा सहज मिळतात. वरच्या पायऱ्या त्यावर लावून पाहा. उंच खडकावर गोरी ब्रिटानिया, पायाशी सिंह. खालून वाकून हिंदुस्थान दागिने-मोती पुढे करतोय, चीन चहा आणि चिनी मातीची भांडी. या सगळ्यांना पुढे घालणारा मर्क्युरी. दंडावरून आता तो ओळखू येईल. थेम्स नदीचा देव आहे, मागे कंपनीचं जहाज शीड उभारून निघालंय. इथे कुणी कोसळत नाही, कुणाला साखळी नाही, सगळे स्वखुशीने देत आहेत असंच चित्रकाराला दाखवायचं आहे. मग तारीख लावा. चित्र १७७८चं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपनीची मुंबईची फौज रघुनाथरावाला घेऊन पुण्याकडे निघाली, आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावला मराठी फौजांनी तिला कोंडून तह लिहून घेतला.